नऊ व्होल्टचा खर्ज

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. २५० मेगावॉटचे दोन संच तिथे उभे आहेत. तिथून निघणारी वीज, देशातल्या साऱ्या विजेप्रमाणे, सेकंदाला ५० आवर्तने घेते. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडली तर ४९ वेळा. विजेचा गुणगुणाट आणि बेसचा खर्ज असे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि एकाला हाकलायला गेले की दुसऱ्यालाही धक्का लागतो. बाळापूरसारख्या गावात गाण्याचा कार्यक्रम होतो तो मंगल कार्यालयाच्या आवारात, नाहीतर मैदानातल्या मंडपात. वादक एका टोकाला, साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या टोकाला, मधे पंधरा-वीस मीटर तार, जवळच जनरेटर, डोक्यावर दिव्यांच्या माळा. त्या गर्दीत बेस गिटार दिसते, पण ऐकू येते ती नुसती घुमी धडधड. मग कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर खर्ज सोपवला जातो आणि बेसवादक शोभेपुरता उरतो. हे टाळता येते. त्यासाठी गिटारचे मूळचे पॅसिव्ह पिकअप उपटून फेकायची गरज नाही. त्यांच्या मागे एक छोटे ॲक्टिव्ह सर्किट नीट क्रमाने जोडावे लागते. या सर्किटची जाहिरात त्यातल्या बेस-ट्रेबलच्या नॉबवरून होते. माझ्या मते त्याचा मोठा गुण वेगळाच आहे, तो नॉबमध्ये दिसत नाही, आणि वायरिंगचा क्रम चुकला तर तोच आधी हरवतो.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत किंचित वीज उमटते. यात बॅटरी नाही, ट्रान्झिस्टर नाही, म्हणून त्याला पॅसिव्ह म्हणायचे. पुष्कळ जण समजतात की पॅसिव्ह म्हणजे दुबळा. तसे नाही. चांगल्या पिकअपमधून जोरात वाजवलेल्या सुराला एखादा व्होल्टही निघतो. अडचण दाबाची नाही, पुरवठ्याची आहे. बाळापूरचा बराचसा मुलूख खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात मोडतो. तिथे गोड पाण्याची विहीर लागली तर तिची किंमत घरच्यांना ठाऊक असते. समजा अशी विहीर आहे, पाणी उत्तम, पण झरा बारीक. तिच्यावर मोठी मोटार बसवली तर दोन मिनिटांत तळ दिसेल. दोष पाण्याचा नाही, उपशाचा आहे. पिकअपचा झरा असाच बारीक असतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये याला इंपीडन्स जास्त असणे म्हणतात. पिकअपला नुसत्या तारेचा रोध सात ते अकरा हजार ओहम असतो, आणि इतक्या वेढ्यांमुळे वरचे सूर जसजसे चढत जातात तसतशी ही अडचण आणखी वाढते. अशा पिकअपला पुढचे यंत्र फार थोडे ओढणारे हवे. निदान पाच लाख ते दहा लाख ओहमचे.

आता गावच्या स्टेजवर काय घडते ते आकड्यांत पाहू. डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सूर मिक्सरला मानवेल असा करून देणारी डबी, हाताशी नसला की गिटारची पिन थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खोचली जाते. त्या इनपुटचा इंपीडन्स साधारण दहा हजार ओहम असतो, म्हणजे बारीक झऱ्यावर मोठी मोटार. पिकअपचे इंडक्टन्स चार हेन्री आणि रोध आठ हजार ओहम धरले, तर आवाज जवळजवळ निम्म्यावर येतो आणि सातशे हर्ट्झच्या पुढचा सगळा भाग उतरणीला लागतो. बोटाचा तारेला होणारा स्पर्श, सुराची सुरुवात, तार पडद्याला घासते तो किंचित खडा आवाज, हे सारे त्या सातशेच्या पुढे असते. तेच ऐकू आले नाही तर कानाला सूर कळत नाही, नुसता दणका कळतो. मिक्सर सोडून चांगल्या ॲम्प्लिफायरला जोडले तरी तारेची लांबी उरतेच. गिटारपासून यंत्रापर्यंत जाणाऱ्या या तारेत दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. सहा मीटरच्या तारेत तो सहाशे होतो, आणि आपल्या चार हेन्रीच्या पिकअपशी त्याची गाठ पडून आवाजाचा शिखरबिंदू सुमारे ३,२०० हर्ट्झवर येतो. तार वीस मीटरची केली की तोच बिंदू १,८०० च्याही खाली उतरतो. वादकाने काहीही बदललेले नसते. हात तोच, तारा त्याच, गिटार तीच. नुसती मंडपाची लांबी वाढली म्हणून आवाजावर घोंगडी पडते. व्हॉल्यूमचा नॉब अर्धा कमी केला तर आणखी पंचाईत होते. नॉबखालचा अडीच लाख ओहमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रोध, मध्यावर असताना त्याच्यामागचा इंपीडन्स साठ हजारांच्या वर जातो, आणि वीस मीटर तारेच्या संगतीने १,३०० हर्ट्झच्या आसपासच आवाज गळू लागतो. गायकाला जागा द्यायची म्हणून वादकाने नम्रपणे आवाज कमी करावा, आणि त्याची शिक्षा म्हणून सूरच बोथट व्हावा, असा हा प्रकार आहे.

बेस गिटारचा जन्मच पॅसिव्ह पिकअपवर झाला. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली, १९५७ साली तिला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप दिला, आणि १९६० साली दोन पिकअपची जॅझ बेस आली. या वाद्यांत व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब, एवढाच संसार होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात अलेम्बिक या कंपनीने गिटारच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स घालायला सुरुवात केली. १९७६ साली म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे आली, आणि त्या कंपनीच्या मागेही लिओ फेंडर होतेच. स्टिंगरेची रचना मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा पिकअप साधा, पॅसिव्ह. त्याच्यामागे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प. ज्या माणसाने पॅसिव्ह बेस जगाला दिली त्यानेच पंचवीस वर्षांनी पॅसिव्ह पिकअप तसाच ठेवून मागे ॲक्टिव्ह सर्किट जोडले, आणि कारखान्यातून हजारोंनी निघणाऱ्या बेसमध्ये ही पद्धत रुळली. न्यूयॉर्कमध्ये गिटार-कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांनी हेच काम जुन्या जॅझ बेसवर केले. बेसवादक मार्कस मिलर यांच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये त्यांनी प्रीॲम्प बसवला आणि तो आवाज पुढे असंख्य वादकांचा आदर्श झाला. ईएमजीसारख्या कंपन्यांचे ॲक्टिव्ह पिकअप ही मात्र वेगळी जात आहे. त्यांत पिकअपच्या डबीतच लहानसा प्रीॲम्प असतो, आणि बॅटरी नसेल तर ते मुके. दुकानात दोन्हींना सरसकट ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात, आणि या एका शब्दाने पुष्कळांचे नुकसान होते, कारण एकाचे पॉट दुसऱ्याला चालत नाहीत.

प्रीॲम्प दोन कामे करतो. पहिले काम साधे दिसते: पिकअपकडून अगदी थोडे ओढायचे आणि पुढे भरपूर पुरवायचे. त्याच्या तोंडाशी इंपीडन्स दहा लाख ओहम, बाहेर पडताना एक-दोन हजार. झरा बारीकच राहिला, पण विहिरीच्या काठावर आता टाकी बांधली. मोटार टाकीवर लावा. याला बफर म्हणतात. पुढे वीस मीटर तार असो की दहा हजार ओहमचा मिक्सर, पिकअपला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरे काम सुरांचा तोल बदलण्याचे. पॅसिव्ह टोनचा नॉब फक्त काढून घेऊ शकतो; फिरवला की वरचे सूर कपॅसिटरमधून जमिनीला जातात, एवढेच. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जव्हारी जुळवतात, तेही याच जातीचे काम: तारेत जे आहे त्यातले काय पुढे येऊ द्यायचे ते ठरवायचे, बाहेरून काही घालायचे नाही. ॲक्टिव्ह टोन मात्र भर घालू शकतो. त्याचे मूळ सर्किट पीटर बॅक्झंडल या इंग्रज अभियंत्याने १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापले. बेस आणि ट्रेबल दोन्ही वाढवता यावेत, कमी करता यावेत, आणि नॉब मध्यावर ठेवला तर काहीच बदलू नये, ही त्यातली खुबी. घरोघरच्या ॲम्प्लिफायरपासून गिटारपर्यंत ते सर्किट कुठे ना कुठे आजही सापडते.

आता वायरिंग. इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण सगळे बरेवाईट इथेच ठरते. पॅसिव्ह पिकअपला लागणारा पॉट अडीच लाख किंवा पाच लाख ओहमचा. प्रीॲम्पच्या पुढे लागणारा पंचवीस हजारांचा. ॲक्टिव्ह पिकअपच्या संचातले पंचवीस हजारांचे पॉट पॅसिव्ह पिकअपला जोडले की मघाचीच मोटारीची गोष्ट गिटारच्या पोटात घडते, आणि प्रीॲम्पपर्यंत पोचायच्या आधीच सूर मेलेला असतो. त्याला पुढे कितीही ट्रेबल चढवा, जे आलेच नाही ते वाढणार कसे? दोन पिकअप असतील तर त्यांचे मिश्रण करणारा ब्लेंडचा पॉटही प्रीॲम्पच्या अलीकडे, म्हणजे पॅसिव्ह बाजूला आणि मोठ्या किमतीचाच हवा. पॅसिव्ह टोन ठेवायचा असेल तर तोही अलीकडेच. नेहमीचा ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर काम करतो ते पिकअपच्या मोठ्या इंपीडन्सच्या जोरावर. तोच प्रीॲम्पच्या पुढे लावला तर नॉब बराच फिरेपर्यंत काही होत नाही, आणि फिरलाच तर सर्किटवर नाहक ताण येतो. व्हॉल्यूमचा प्रश्न जास्त वादाचा आहे. पुष्कळ तयार संचांत व्हॉल्यूम सर्वांत शेवटी, प्रीॲम्पनंतर असतो. त्याचा लाभ उघड आहे: आवाज कमी केला की प्रीॲम्पची स्वतःची सुसकारीही कमी होते. पण बॅटरी संपल्यावर प्रीॲम्प वगळून पिकअप थेट बाहेर काढायचा म्हटले, तर तो त्याच पंचवीस हजारांच्या पॉटवर येऊन आदळतो. बायपासचा खटका आहे, पण तो दाबला की आवाज ओळखू येत नाही, अशी तक्रार त्यातूनच येते. म्हणून मोठ्या शहरापासून दूर, सुटे भाग आणि जाणता कारागीर दोन्ही हाताशी नसलेल्या वादकाला मी असा क्रम सुचवीन: आधी पिकअप, मग अडीच लाखांचा व्हॉल्यूम आणि ब्लेंड, मग पॅसिव्ह टोन, मग बायपासचा खटका, मग प्रीॲम्प, आणि शेवटी जॅक. व्हॉल्यूम अर्ध्यावर आला तरी त्याच्यामागचे साठ हजार ओहम आता वीस मीटरच्या तारेशी झुंजत नाहीत. पोटातल्या वीतभर तारेशीच त्यांची गाठ आहे, आणि तिथे होणारी गळती कानाच्या पल्ल्याबाहेर, पंचवीस हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. सुसकारी थोडी जास्त राहील. ती मी पत्करीन.

बॅटरीची जोडणीही अशीच विचारपूर्वक केलेली असते. गिटारला स्टिरिओ जॅक बसवायचा. टोकाला सूर, बुंध्याला अर्थ, आणि मधल्या कड्याला बॅटरीचे काळे टोक. साधी मोनो पिन आत गेली की तिच्या लांब बुंध्याने मधले कडे आणि अर्थ एक होतात, मंडल पूर्ण होते आणि प्रीॲम्प जागा होतो. पिन काढली की झोपतो. वेगळा स्विच लागत नाही. फक्त एक सवय लावून घ्यावी लागते: वाजवून झाले की पिन काढायची. रात्रभर खोचलेली राहिली तर रात्रभर बॅटरी खाल्ली जाते. जोडताना एक चूक वारंवार होते. जुना मोनो जॅक तसाच ठेवून बॅटरीचे काळे टोक सरळ अर्थला डाग देऊन टाकतात. सर्किट चालते, आणि कधीच बंद होत नाही.

‘ऐन गाण्यात बॅटरी गेली तर?’ हा पहिला आक्षेप असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण हिशेब करून पाहावा. नऊ व्होल्टच्या चांगल्या अल्कलाइन बॅटरीत साधारण पाचशे मिलिअँपिअर-तास साठा असतो. प्रीॲम्पमध्ये बसणारी टीएल०६२ ही चिप आपल्या दोन्ही ॲम्प्लिफायरना मिळून सुमारे ०.४ मिलिअँपिअर घेते. कागदावर हजार तासांच्या वर होतात. टीएल०७२ जास्त शांत आहे, पण तिची भूक सातपट. तिच्यावर दीडशे-पावणेदोनशे तास. कागदावरचे निम्मेच हाती लागले असे धरले, तरी आठवड्याला चार तासांचा एक कार्यक्रम करणाऱ्याला टीएल०७२ वरही चार-पाच महिने जातात. दर तीन महिन्यांनी ठरल्या दिवशी बॅटरी बदलावी, जुनी घरच्या रियाझाला ठेवावी, आणि बायपासचा खटका असावा, म्हणजे हा आक्षेप बराचसा शमतो. बॅटरी एकाएकी जातही नाही. आधी मोठे सूर फाटू लागतात, आणि कान देणाऱ्याला ती सूचना पुरेशी असते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. लोक म्हणतात, जेम्स जेमरसन यांनी मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाण्यांत साध्या प्रिसिजन बेसवर जे करून ठेवले, त्याला बॅटरी कुठे लागली? आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ होते, चरणजित सिंग यांच्यासारखे बेसवादक हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवत होते. त्यांचा खर्ज आजही रेडिओवर ओळखू येतो. मग गिटारच्या पोटात हे बिऱ्हाड कशाला? यावर उत्तर असे की मोटाऊनमध्येही बेस थेट डीआय बॉक्समधून मिक्सिंगच्या टेबलावर जात असे. योग्य इंपीडन्सचे यंत्र तिथे होतेच, फक्त गिटारच्या बाहेर होते. स्टुडिओने जे काम वादकासाठी केले तेच मंडपात कोणी करत नाही, म्हणून ते वाद्यातच बसवायचे. यावर जाणकार लगेच विचारील, मग पायाशी एक चांगला डीआय बॉक्स ठेवून तीन मीटरची तार वापरली तर? तेव्हा मला मान्य करावे लागेल की बफरचा बहुतेक लाभ त्यातही मिळतो, आणि ज्याच्याकडे फार जुनी, मूल्यवान बेस आहे त्याने तिला भोक पाडण्यापेक्षा हाच मार्ग धरावा. पोटातल्या सर्किटची सरशी होते ती दोन बाबतींत. व्हॉल्यूम कमी केल्यावर होणारी गळती तिथे जवळजवळ शून्य असते, आणि गाणे बदलले की सूर बदलणारा नॉब वाजवत्या हाताखाली असतो. लावणीच्या चालीनंतर कव्वाली, तिच्यानंतर एखादे भीमगीत असा क्रम असेल तर वाकून पायाशी हात घालायला उसंत नसते. शिवाय डीआय बॉक्स विसरला जातो, हरवतो, कोणी उसना नेतो. पोटातले सर्किट गिटारबरोबरच येते.

तिसरा आक्षेप रंगाचा: ॲक्टिव्ह केले की वाद्याचा मूळ गोडवा जातो, आवाज काचेसारखा होतो. हे खोटे नाही, आणि त्याचे कारण मघाच्या आकड्यांतच आहे. सहा मीटरच्या तारेऐवजी पिकअपसमोर आता जेमतेम दीडशे पिकोफॅरड उरले, म्हणून शिखरबिंदू ३,२०० वरून साडेसहा हजारांवर चढला. सगळे नॉब मध्यावर असले तरी आवाज बदललेलाच असतो, आणि जो म्हणतो की प्रीॲम्प मध्यावर असताना काहीच करत नाही, त्याने ही गोष्ट लक्षात घेतलेली नाही. उपाय मात्र सोपा आहे. प्रीॲम्पच्या तोंडाशी, सुराच्या तारेपासून अर्थपर्यंत, ४७० पिकोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर डाग देऊन बसवायचा. जुनी सहा मीटरची तार जणू गिटारच्या पोटात आली, आणि तिची लांबी आता कोणत्याही मंडपात बदलत नाही. वाद्याचा मूळ रंग टिकवण्याची कळकळ खरी असेल तर हा मार्ग तिला जास्त जवळचा आहे, कारण पॅसिव्ह वाद्याचा रंग तर दर नव्या तारेबरोबर बदलतच होता.

नॉबचा मोह मात्र आवरावा लागतो. बेसचा नॉब पूर्ण उजवीकडे नेला तर बारा डेसिबल वाढ मिळते, म्हणजे व्होल्टेज चौपट. पिकअपमधून एक व्होल्टचा झटका आला तर तो चार व्होल्ट होतो, वर चार आणि खाली चार मिळून आठ. नऊ व्होल्टच्या बॅटरीत तेवढी जागा जेमतेम असते, आणि अर्धी वापरलेली बॅटरी असेल तर नसतेच. सूर तिथेच कापला जातो. दोन बॅटऱ्या जोडून अठरा व्होल्ट केले तर जागा वाढते, पण सर्किट तेवढ्याचे असले पाहिजे. आणि गिटारने सोसले तरी पुढे ॲम्प्लिफायर आहे: व्होल्टेज चौपट म्हणजे शक्ती सोळापट. शंभर वॉटमध्ये चाललेले काम सोळाशे मागू लागते, आणि भाड्याने आलेल्या स्पीकरचा कागद फाटतो. इतके करून ४१ हर्ट्झचा मूळ सूर पुष्कळशा भाड्याच्या स्पीकरमधून नीट निघतही नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण ८२, १२३, १६४ असे त्याचे वरचे स्वरांश कानावर पडले की मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. तंबोऱ्याची जव्हारी चांगली निघाली की खर्जाच्या तारेतून वरचे स्वरांश झळकतात आणि तीच तार भरदार वाटते. मिरजेच्या कारागिरांची सारी मेहनत त्या झळकण्यासाठी असते. म्हणून प्रीॲम्प निवडताना मिडचा नॉब असलेला, तीन पट्ट्यांचा घ्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मंडपात बेस हरवली असेल तर पाचशे-आठशे हर्ट्झच्या पट्ट्यात थोडी वाढ केल्याने ती जितकी समोर येते, तितकी चाळीस हर्ट्झवर कितीही दाब दिल्याने येत नाही.

आता पुन्हा त्या ५० हर्ट्झकडे. प्रीॲम्पला सूर आणि गुणगुणाट यांतला भेद कळत नाही; बेस वाढवला की दोन्ही वाढतात. म्हणून सर्किट बसवण्याआधी गिटारच्या पोटातली पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने पूर्ण मढवावी, ती पट्टी अर्थला जोडावी, आणि सुराच्या तारा जाळीच्या आवरणातल्या असाव्यात. एकाच वेटोळ्याचा (सिंगल-कॉइल) पिकअप असेल तर इतके करूनही थोडी गुणगुण उरेल. जॅझ बेसच्या संचांत बहुधा दोन पिकअपचे वेढे आणि चुंबक परस्परांच्या उलट असतात. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते, म्हणून ब्लेंड मध्यावर असताना बेस सर्वांत शांत असते. आणखी एक गोष्ट काळजीने सांगतो. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि वादकाचे बोट सतत त्यांवर असते. मंडपाचे अर्थिंग कच्चे असेल, जनरेटर नीट जोडलेला नसेल, तर माइकला ओठ लागताच जबर झटका बसू शकतो. नऊ व्होल्टचे सर्किट यापासून वाचवत नाही. वाजवण्याआधी साउंडवाल्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे, संशय असेल तर मधे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावावा, आणि काही केल्या खात्री पटत नसेल तर वाद्याला हात लावू नये.

हे सगळे बेस गिटारपुरते आहे असे नाही. लग्नाच्या मिरवणुकीतला आणि कव्वालीच्या बैठकीतला बेंजो म्हणजे मूळचा बुलबुल तरंग. तो जपानच्या तैशोगोतोवरून आला, आणि ते वाद्य नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ साली घडवले. आपल्याकडे त्याच्या तारांखाली पिकअप बसला आणि तो हातगाडीवरच्या भोंग्यांतून गल्लीभर वाजू लागला. त्याचाही पिकअप पॅसिव्ह, त्याचीही तार लांब, आणि तोही बहुधा मिक्सरच्या लाइन इनपुटमध्येच खोचलेला. बेंजोचा आवाज कर्कश वाटतो त्यात पुष्कळदा या जोडणीचा हात असतो: मधला भाग मरतो, मग तो भरून काढायला ट्रेबल वाढवला जातो, आणि कानाला बोचणारे तेवढेच उरते. त्याच्या लाकडी पेटीत जागा गिटारपेक्षा जास्त आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी एक टीएल०६२, चार-दोन रेझिस्टर आणि कपॅसिटर, एक स्टिरिओ जॅक आणि बॅटरीची टोपी एवढ्यात बफर तयार होतो. टोनचे नॉब नसले तरी चालतील. अकोल्याला टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कोणताही हुशार कारागीर हे काम एका दुपारी करून देईल. त्याला फक्त आधी सांगावे लागेल की पॉट अडीच लाखांचे ठेव, आणि बॅटरीचे काळे टोक जॅकच्या मधल्या कड्याला जोड.